अंगठी नको, किल्ली राहू द्या

जाड पुस्तकांशी माझे लहानपणापासून जमलेले नाही. आमच्या घरी जी दोनचार जाड पुस्तके होती त्यांचा मुख्य उपयोग वडिलांच्या धुतलेल्या टोपीवर वजन ठेवण्यासाठी होई. त्यामुळे जाड पुस्तक ही टोपीवर ठेवायची वस्तू आहे, डोक्यात घालायची नव्हे, अशी माझी समजूत झाली आणि बँकेतल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत ती बदलायला काही कारण घडले नाही. लेजर जाड असते, पण ते कोणी वाचत नाही. त्यात लिहितात.

गेल्या पावसाळ्यात मात्र जिन्यावरून पाय घसरला, घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला आणि डॉक्टरांनी तीन आठवडे पाय उशीवर ठेवून बसायला सांगितले. पहिल्या दोन दिवसांत मी वर्तमानपत्रातल्या निविदासूचनासुद्धा वाचून संपवल्या. तिसऱ्या दिवशी नात आली आणि तिने माझ्या मांडीवर एक पुस्तक ठेवले. वजनावरून मला वाटले, पाय शेकायची वीट असावी.

"आजोबा, वाचा. लॉर्ड ऑफ द रिंग्ज."

"कशाबद्दल आहे?"

"एका अंगठीबद्दल."

"एका अंगठीसाठी हजार पानं? कालिदासानं सात अंकांत आटपलं होतं."

नात माझ्या विनोदांना हसत नाही. ती म्हणाली, "त्यात अंगठी हरवते म्हणून घोटाळा होतो. यात सापडते म्हणून होतो." आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेली. पुढे तीन आठवडे मी जे काही वाचले आणि ज्या काही तालेवार समीक्षकी कल्पना मला सुचल्या, त्या सगळ्यांचा अर्क तिने उंबरठ्यावरच सांगून टाकला होता. हल्लीच्या मुलांचे हे असे आहे.

दोन्हीकडे मासा मात्र आहे. शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटात निघते. इथे डेगॉल नावाच्या एकाला गळाला लागलेला मासा नदीत ओढून नेतो आणि तळाच्या गाळात त्याच्या हाताला अंगठी लागते. तिकडे कोळ्याला बक्षीस मिळते. इकडे डेगॉलचा मित्र ती मागतो, कारण काय तर म्हणे त्याचा वाढदिवस आहे. आणि डेगॉल देत नाही म्हटल्यावर तिथल्या तिथे त्याचा गळा दाबतो. हाच मित्र पुढे गॉलम होतो, डोंगराखालच्या अंधारात शेकडो वर्षे अंगठीशी बोलत बसतो आणि आयुष्यभर सांगत राहतो, की ही मला वाढदिवसाची भेट मिळाली.

ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. टॉल्किन (१८९२-१९७३) हे ऑक्सफर्डात जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक. १९३७ साली त्यांनी मुलांसाठी 'हॉबिट' लिहिले, ते खपले, प्रकाशकाने पुढचा भाग मागितला, आणि प्राध्यापकांनी तो लिहायला बारा वर्षे घेतली. छापून तीन भागांत आला १९५४-५५ साली. (बारा वर्षे थांबलेल्या त्या प्रकाशकाचा एक छोटासा पुतळा कुठेतरी व्हायला हवा.) गोष्ट अशी, की सॉरॉन नावाच्या एका दुष्ट अधिपतीने आपली बरीचशी शक्ती ओतून एक अंगठी घडवली आणि युद्धात ती गमावली. ती गॉलमकडून बिल्बो नावाच्या हॉबिटकडे आली. हॉबिट म्हणजे माणसाच्या कमरेइतक्या उंचीची, अनवाणी हिंडणारी आणि मिळेल तेव्हा दिवसातून सहा वेळा जेवणारी मंडळी. अगदी आपल्यातली. बिल्बोने ती आपल्या फ्रोडोला ठेवली. घालणारा अदृश्य होतो, पण तो नुसता वरचा फायदा. खरे म्हणजे ज्याची जेवढी कुवत त्याला तेवढी सत्ता ती देते. आणि कितीही चांगल्या हेतूने वापरा, वापरणारा शेवटी सॉरॉनसारखाच होतो. तेव्हा ती जिथे घडली त्या ज्वालामुखीत नेऊन टाकायची. फ्रोडो आणि त्याचा माळी सॅम ती टाकायला निघतात. हजार पाने.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. नाहीतर हे परीक्षण मी कुठल्या अधिकाराने लिहितो आहे ते कळायचे नाही.

आमची सोसायटी दोन विंगांची, बत्तीस बिऱ्हाडांची. पाय घसरला त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिलअखेर, आमचे सेक्रेटरी मुलाकडे अमेरिकेला निघाले. पाण्याची ओरड सुरू झाली होती. गच्चीवरच्या टाकीतून सकाळी ए विंगला पाऊण तास आणि बी विंगला पाऊण तास पाणी सोडायचे असा ठराव होता. सोडायचे व्हॉल्व्ह पंपाच्या खोलीत आणि पंपाच्या खोलीला कुलूप. त्या कुलपाची पितळी किल्ली वर धरून सेक्रेटरींनी सभेत विचारले, "सहा महिने कोण सांभाळतं?" सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. मी चष्मा पुसत होतो. चष्मा पुसताना हात थोडा वर जातो. तेवढ्यावर हंगामी सेक्रेटरी म्हणून माझी एकमताने नेमणूक झाली.

या पार्श्वभूमीवर मी पुस्तक उघडले आणि दुसऱ्याच प्रकरणात ठेचकाळलो.

फ्रोडोला अंगठीचे खरे रूप कळते तेव्हा तो घाबरून गॅन्डाल्फला म्हणतो, तुम्ही शहाणे, तुम्ही समर्थ, तुम्हीच घ्या. गॅन्डाल्फ हा म्हातारा जादूगार, पांढरी दाढी, सगळ्या सज्जनांचा आधार. कोणत्याही नेमस्त कादंबरीत त्याने 'मला सत्तेचा मोह नाही' असे म्हणून नकार दिला असता आणि वाचकाने मान डोलावली असती. हा म्हातारा उलट सांगतो. त्याला मोह आहे. तो ओरडतो, जवळजवळ घाबरतो. आणि आपल्या मनात अंगठी कोणत्या दाराने शिरेल तेही सांगतो: दयेच्या. दुबळ्यांची कीव येईल, त्यांचे भले करायला बळ हवेसे वाटेल, आणि तिथेच सगळे संपेल.

मी पुस्तक पालथे घातले आणि पंख्याकडे बघत बसलो. कारण किल्लीचा पहिला उपयोग मीही दयेपोटीच केला होता. बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. गुडघ्यांमुळे त्यांच्या बादल्या वेळेत भरून होत नसत. मी बी विंगला पाच मिनिटे वाढवून दिली. आता टाकीत पाणी तेवढेच, तेव्हा ती पाच मिनिटे ए विंगमधून काढली. ए विंगमध्ये एक गृहस्थ पाइप लावून मोटार धूत. त्यांना अद्दल घडली. म्हणजे एका पिळात दयाही झाली आणि न्यायही झाला. इतके सोपे असते हे, मग सरकारला का जमत नाही, असे मी त्या दिवशी हिला विचारल्याचे आठवते.

सत्ता माणसाला बिघडवते हे सांगायला हजार पाने कशाला, ते आमचा वॉचमनसुद्धा सांगेल. प्लेटोने तर तेवीसशे वर्षांहून अधिक काळापूर्वी 'रिपब्लिक'मध्ये अंगठी घालूनच सांगितले आहे. लिडियातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते, तिचा खडा आत वळवला की तो अदृश्य होतो. पठ्ठ्या राजवाड्यात जातो, राणीला वश करतो, राजाला मारतो, गादीवर बसतो. गोष्ट सांगणाऱ्या ग्लॉकॉनचा मुद्दा असा, की माणूस सरळ वागतो तो पकडला जाऊ या भीतीने. अदृश्य होता आले तर सगळे सारखेच. हा मुद्दा मला तरुणपणी फार मार्मिक वाटला असता. आता वाटते, ग्लॉकॉनने कधी सोसायटीचे काम केलेले नसावे. मी अदृश्य नव्हतो. सकाळी साडेसहाला पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात, सगळ्यांच्या देखत, पंपाच्या खोलीकडे जात होतो. चोरून करायचे माझ्या मनात काही नव्हतेच. उलट माझे पाच मिनिटांचे न्यायदान लोकांनी बघावे म्हणून मी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने वेळापत्रक लिहीत असे आणि खाली 'आदेशावरून' असे लिहून सही करीत असे. आदेश माझाच. टॉल्किनची अंगठीसुद्धा दिसायला अदृश्य करणारी आहे, पण तिची खरी भूल 'तुला कोणी बघत नाही' ही नाही. 'तुझ्याइतकं चांगलं हे कोण करणार' ही आहे. मेंढपाळाच्या अंगठीपासून वाचायला भीती पुरते. या अंगठीपुढे भीती काय करणार, सद्गुणच तिच्या बाजूने साक्ष देतात.

बोरोमीरचे तेच होते. हा गॉन्डॉर राज्याच्या कारभाऱ्याचा थोरला मुलगा, शूर, राज्यावर जीव असलेला. वर्षानुवर्षे शत्रू दाराशी, आणि त्याच्या डोळ्यांसमोर एक हॉबिट ते ब्रह्मास्त्र वितळवायला चाललेला. एका दुपारी झाडीत तो फ्रोडोला गाठतो आणि बोलायला लागतो. हे भाषण सभासंमेलनांना जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. सुरुवातीला अंगठी हवी असते गॉन्डॉरच्या रक्षणासाठी. मध्यावर येईपर्यंत तो स्वतः सेनापती झालेला असतो. शेवटाकडे राजाच होतो, आणि तोही थोर आणि दयाळू. एवढा प्रवास दोन पानांत. मग तो फ्रोडोवर झडप घालतो. आणि लगेच भानावर येऊन रडतो, हे टॉल्किनचे मोठेपण. बोरोमीर खोटे बोलत नव्हता. तो प्रत्येक वाक्य मनापासून म्हणत होता, फक्त एकाखाली एक अशी वाक्ये घसरत गेली.

त्याचा धाकटा भाऊ फारामीर. त्याच्या हातात फ्रोडो आयताच सापडतो, सैनिक भोवती, गुहेत, सॅमच्या तोंडून अंगठीचे गुपितही निसटलेले. आणि हा माणूस सांगतो, की असली वस्तू मला रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही असे आधी बोललो होतो, आता तो शब्द माझ्यावर बंधनकारक आहे. झोपा निवांत. बस्स. सिनेमावाल्यांना हे पचले नाही. पीटर जॅक्सनच्या २००२ सालच्या चित्रपटात फारामीर अंगठीसकट फ्रोडोला पकडून आपल्या शहराकडे नेतो आणि बऱ्याच आरडाओरड्यानंतर सोडतो. नातीने मला तो भाग मुद्दाम दाखवला. तिचे म्हणणे, सिनेमातला फारामीर जास्त खरा वाटतो. ज्याला काही वाटतच नाही त्याच्या नकारात काय मोठेसे? तिच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मला दोन दिवस कबूल करावेसे वाटेना.

पण मला वाटते, तिची आणि सिनेमावाल्यांची नजर गुहेतल्या त्या रात्रीवर आहे, आणि फारामीरचा नकार त्या रात्रीचा नाहीच. तो फार जुना आहे. गॉन्डॉरची गादी कित्येक पिढ्या रिकामी आहे. राजा नाही, कारभारी राज्य चालवतात, पण ते सिंहासनावर बसत नाहीत. सिंहासन वर, पायऱ्यांच्या माथ्याला. कारभाऱ्याची साधी काळी दगडी खुर्ची सगळ्यांत खालच्या पायरीवर. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही, आपण भरताच्या पादुका ऐकत मोठे झालो. तर फारामीर एक आठवण सांगतो. लहानपणी बोरोमीरने वडिलांना विचारले होते, राजा परत आला नाही तर किती शतकांनी कारभाऱ्याचा राजा होतो? वडील म्हणाले, लहानसहान राज्यांत थोडी वर्षे पुरत असतील. गॉन्डॉरमध्ये दहा हजारही पुरणार नाहीत. थोरल्याला हे उत्तर आवडले नाही. धाकट्याने ते ऐकून ठेवले. एकाच घरातली दोन मुले, एकच खुर्ची बघत वाढलेली. गुहेतल्या त्या रात्री दिसतो तो निकाल. परीक्षा त्या दिवाणखान्यात झाली.

मी हे हंगामी माणसाच्या नजरेने वाचत होतो. आपल्याकडचा नहुषही हंगामीच. इंद्र लपून बसला म्हणून देवांनी त्याला तात्पुरता इंद्र केला. तोही आधी नको, मला झेपणार नाही, असेच म्हणाला होता. सुरुवातीला कारभार चांगला केला. नंतर ऋषींना पालखीला जुंपले आणि अगस्त्यांच्या शापाने अजगर होऊन पडला. नहुषाने नेमकी कुठल्या दिवशी पालखी मागवली ते पुराणकार सांगत नाहीत. माझा दिवस मला माहीत आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सभेत बी विंगमधल्या एका तरुणाने माझ्याकडे वेळेचा हिशेब मागितला. उर्मटपणे नाही, नुसता मागितला. दुसऱ्या दिवशी बी विंगचे पाणी दहा मिनिटे आधी गेले. व्हॉल्व्ह अडकला होता असे मी फळ्यावर लिहिले. त्या दुपारी दोनला दार वाजले. बी विंगमधलेच एक गृहस्थ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली. हातात रिकामी बादली. म्हणाले, "साहेब, एक बादली मिळाली असती तर..." वीस वर्षे ते मला नुसत्या आडनावाने हाक मारीत. मी त्यांना आमच्या घरातले पाणी दिले, एक नाही, दोन बादल्या, आणि दुसरी स्वतः पोचवायला गेलो. परत आल्यावर आरशासमोर उभा राहून भांग पाडला. मला ते 'साहेब' आवडले होते. बँकेत मी कधी कुणाचा साहेब झालो नाही.

१९६३ साली एका वाचक बाईंना लिहायच्या पत्रात टॉल्किननी एक विचार मांडला आहे (त्यांची पत्रे पुस्तकरूपाने १९८१ साली निघाली): गॅन्डाल्फने अंगठी घेतली असती तर तो सॉरॉनपेक्षा वाईट ठरला असता. सॉरॉनच्या राज्यात निदान चांगले कोणते आणि वाईट कोणते हे वेगळे ओळखता येत होते. गॅन्डाल्फने चांगुलपणाच लोकांना नकोसा करून सोडला असता. हे वाचल्यावर मला आठवले, ऑगस्टपासून काकू माझ्याशी जिन्यात बोलायचे टाळीत होत्या. त्यांची पाच मिनिटे मात्र मी शेवटपर्यंत कमी केली नव्हती.

पुस्तकात वैगुण्ये नाहीत असे नाही. गाणी फार. दर दहा पानांनी कोणीतरी गायला लागतो आणि नाट्यसंगीताच्या काळातल्या प्रेक्षकासारखे आपण घड्याळ बघतो. बायका मोजक्या. झाडांची वर्णने वनखात्याला शोभतील अशी. टॉम बॉम्बॅडिल नावाचा एक इसम भेटतो, त्याच्यावर अंगठीचा काडीचा परिणाम होत नाही. तो ती बोटात घालतो आणि अदृश्यच होत नाही. त्याच्याकडे ठेवायला द्यावी तर तो ती कुठेतरी टाकून विसरून जाईल, असे पुढे जाणती मंडळी म्हणतात. या इसमाची मला चीड आली. ज्याला काहीच नको त्याचे कौतुक कसले? (नातीचा फारामीरवरचा आक्षेप मी इथे उसना घेतला आहे हे तिला सांगू नये.)

गॅलाड्रिएल मात्र मनात राहिली. ही एल्फांची राणी, हजारो वर्षांची, वनातल्या राज्याची स्वामिनी. फ्रोडो तिलाही अंगठी देऊ करतो. आणि ती हसून सांगते, की ही आपल्या हाती आली तर काय काय करीन याचा मी वर्षानुवर्षे विचार करीत आले आहे. सगळ्या पुस्तकात एवढी प्रामाणिक बाई नाही. क्षणभर ती तसा विचार मोठ्याने करून दाखवते, भयंकर आणि सुंदर होते, आणि मग हात खाली घेते. नकाराची किंमत तिला पूर्ण ठाऊक आहे: अंगठी वितळली की तिचे वनही कोमेजणार, तिला राज्य सोडून समुद्रापलीकडे जावे लागणार. नको म्हणून तिला काही मिळत नाही. ती फक्त स्वतः उरते. गॅन्डाल्फला आपले दार माहीत होते, फारामीरने आपले दार लहानपणी बंद केले, हिने ते उघडून आत डोकावून पाहिले होते. तिघांत एक गोष्ट सारखी आहे. तिघांनीही अंगठी स्वतःजवळ ठेवलेली नाही.

माळी सॅमने ठेवली आहे. फ्रोडो शत्रूच्या हाती पडतो तेव्हा थोडा वेळ अंगठी त्याच्या गळ्यात असते. अंगठी त्यालाही स्वप्न दाखवते. सम्राट सॅम! आणि त्याच्या हुकमाने शत्रूचा सारा ओसाड मुलूख एक बाग झालेला. राज्य नको, रत्ने नकोत, बाग. अंगठी गिऱ्हाईक बघून माल काढते. सॅम वाचतो तो दोन गोष्टींनी: मालकावरची माया, आणि आपल्याला एक छोटी बाग पुरते, तीही स्वतःच्या हातांनी खुरपायची, दुसऱ्यांना हुकूम सोडून नव्हे, ही साधी अक्कल. तो अंगठी परत देतो. देताना क्षणभर अडखळतो, तोही मालकाच्या काळजीच्या निमित्ताने.

अडखळणे म्हणजे काय ते मला ऑक्टोबरात कळले. सेक्रेटरी अमेरिकेहून परत आले. मी म्हटले, हिशेब पुरा होऊ द्या. नवरात्र गेले. मी म्हटले, दिवाळीत पाण्याची गैरसोय नको, तुम्हाला नव्याने जमायला वेळ लागेल. एका संध्याकाळी ते स्वतःच दारात आले. म्हणाले, "किल्ली देता ना?" आणि माझ्या तोंडून निघाले, "अहो, तीच शोधतोय दोन दिवस. कुठं ठेवली कोण जाणे." आमच्या आजोबांच्या जानव्याला फडताळाची किल्ली असे. मी जानवे घालत नाही, म्हणून सुतळीत ओवून गळ्यात घातली होती, बनियनच्या आत. आतून ही आली. तिने सेक्रेटरींसमोर काही म्हटले नाही. नुसते माझ्याकडे बघून म्हणाली, "अंघोळीलासुद्धा काढत नाही तुम्ही ती. काढा आता."

बिल्बोचा प्रसंग मी नंतर वाचला तेव्हा कान गरम झाले. साठ वर्षे जवळ बाळगलेली अंगठी तो आपल्या एकशे अकराव्या वाढदिवशी ठेवून जायला निघतो. ती कुठे आहे असे गॅन्डाल्फ विचारतो. पाकिटात घालून ठेवली आहे, तिथे, असे तो म्हणतो, आणि पाकीट त्याच्याच खिशात निघते. मग तो चिडतो. माझी आहे, मला मिळाली आहे, गॉलमसारखाच बोलतो. गॅन्डाल्फ हलत नाही. शेवटी पाकीट बिल्बोच्या हातून जमिनीवर पडते आणि तो हसत, गाणे म्हणत बाहेर पडतो. यात एक मौज आहे. 'हॉबिट'च्या १९३७ च्या आवृत्तीत गॉलम पैजेचे बक्षीस म्हणून अंगठी खुशीने द्यायला तयार होता. पुढच्या गोष्टीला ते जुळेना म्हणून टॉल्किननी १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले, आणि वर खुलासा असा केला की आधीची हकिगत बिल्बोने रचून सांगितली होती. लेखकाची चूक पात्राच्या नावावर! पण ती तिथे इतकी चपखल बसते, की खोटे बोलणे हे अंगठीचे पहिलेच लक्षण ठरते. आणि खोटे कशाबद्दल? ती आपल्याकडे कशी आली याबद्दल. गॉलमची वाढदिवसाची भेट, बिल्बोचे बक्षीस, माझी एकमताने झालेली नेमणूक.

राहिला फ्रोडो. शेकडो मैल चालून, उपाशीतापाशी तो ज्वालामुखीच्या कड्यावर पोचतो, आणि टाकत नाही. माझी म्हणतो आणि बोटात घालतो. गॉलम झेप घेऊन त्याचे बोट तोडतो आणि आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन आगीत पडतो, म्हणून जग वाचते. हे वाचून प्रथम मला फसवल्यासारखे झाले. हजार पाने नकाराची आणि शेवटी नायकच हो म्हणतो? त्याच पत्रात टॉल्किननी त्याची बाजू घेतली आहे: त्या जागी, त्या क्षणी नाही म्हणणे कुणालाच शक्य नव्हते, तो अपराध नव्हे. मला वाटते, कड्यावर उभे राहून नको म्हणणारा नायक दाखवला असता तर पुस्तक सुरेख झाले असते आणि मी ते नातीला परत देऊन टाकले असते. नको म्हणायची जागा रस्त्यावर आहे, उचलण्यापूर्वी. एकदा गळ्यात सुतळी अडकली की पुढचे काम दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाते. बिल्बोला गॅन्डाल्फ होता, फ्रोडोला गॉलमचे दात. त्या मानाने आमचे स्वस्तात सुटले.

दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किननी ही कथा दुसऱ्या महायुद्धाचे रूपक असल्याचे साफ नाकारले आहे. तसे असते तर, ते म्हणतात, अंगठी कुणी वितळवली नसती. ती हिसकावून सॉरॉनविरुद्धच वापरली असती. सोम नदीकाठच्या १९१६ च्या लढाईतून परत आलेला माणूस हे लिहितो आहे. त्याला वास्तव कळत नव्हते म्हणून त्याने परीकथा लिहिली, असे म्हणायचे धाडस मी तरी करणार नाही.

घोटा आता बरा आहे. पुस्तक नातीला परत केले. देताना अडखळलो नाही, फार जड होते. एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. सगळे संपल्यावर, अंगठी नष्ट झाल्यावर, म्हातारा बिल्बो पेंगत पेंगत फ्रोडोला विचारतो, अरे, माझी ती अंगठी होती, तू नेलीस, तिचं पुढं काय झालं?

परवा सकाळी जिन्यात सेक्रेटरी भेटले. पंपाच्या खोलीकडेच निघाले होते. मी सहज म्हटले, "कुलूप बरं चालतंय ना? पावसात जरा अडतं ते. किल्ली किंचित डावीकडे दाबून फिरवावी लागते."

"हो का?" ते म्हणाले, "दाखवता?" आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

माझ्या एका हातात दुधाची पिशवी होती, दुसऱ्या हातात दळणाचा डबा. मी डबा खाली ठेवला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून हिची हाक आली.